कौन्सिलच्या देखभालीतील मुलांचे घर: इंग्लंडमधील निवासी बालगृहांविषयी

पुण्याजवळच्या एका बालगृहात ५ वर्षे समुपदेशक म्हणून काम केलेल्या आणि लग्नानंतर लेस्टरला राहायला आलेल्या एका भगिनींनी विचारले आहे: "येथील चिल्ड्रन्स होममध्ये कर्मचारी म्हणून अर्ज करावा, असा विचार आहे. ही घरे आपल्या बालगृहांसारखीच असतात का? मुले तेथे कोणत्या मार्गाने येतात, किती काळ राहतात? आणि आपल्याकडच्या अनुभवाला येथे काही किंमत आहे का?" मी महाराष्ट्रातील एका बालगृहात ६ वर्षे काम करून इंग्लंडला आले आणि गेली १९ वर्षे येथील निवासी घरांत आहे, त्यांपैकी शेवटची ९ वर्षे व्यवस्थापक म्हणून. या सगळ्या प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली असल्याने ती एकत्रच देते. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड येथील कायदे वेगळे आहेत. पुढे लिहिले आहे ते इंग्लंडपुरते समजावे.

सर्वप्रथम 'अनाथाश्रम' हा शब्द मनातून काढून टाकावा लागेल. या घरांत राहणाऱ्या बहुतेक मुलांचे आई-वडील, निदान त्यांपैकी एक जण, हयात असतो आणि मुलाचे मन रोज त्याच्याकडे धाव घेत असते. खरे तर आपल्याकडेही स्थिती फार वेगळी नव्हती. माझ्या बालगृहातील कितीतरी मुलांच्या आया भेटीच्या दिवशी डबा घेऊन सकाळपासून फाटकाशी बसलेल्या असत. तरी गाव आम्हाला अनाथाश्रमच म्हणे, आणि काही जण तर सरसकट 'रिमांड होम' म्हणत. खरा फरक पालकत्वाच्या जागी आहे. महाराष्ट्रात मूल बाल कल्याण समितीच्या आदेशाने संस्थेत येते, संस्थेवर देखरेख महिला व बालविकास विभागाची असते, आणि गावच्या नगरपालिकेचा या व्यवहाराशी जवळजवळ काहीच संबंध नसतो. इंग्लंडमध्ये ही जबाबदारी थेट स्थानिक कौन्सिलवर आहे. जी लेस्टर सिटी कौन्सिल कचरा उचलते आणि ग्रंथालये चालवते, तीच तिच्या देखभालीतील प्रत्येक मुलाच्या शाळेला, दातांना, वाढदिवसाला आणि झोपण्याच्या जागेला उत्तरदायी असते. निवडून आलेल्या प्रत्येक सदस्याने स्वतःला त्या मुलांचा पालक समजावे, अशी अपेक्षा आहे, आणि त्यालाच येथे 'कॉर्पोरेट पेरेंट' म्हणतात. या व्यवस्थेच्या मुळाशी एका मुलाचा मृत्यू आहे. १९४५ च्या जानेवारीत श्रॉपशरमधील एका शेतावर, जेथे त्याला सांभाळण्यासाठी ठेवले होते, तेथेच डेनिस ओ'नील हा १२ वर्षांचा मुलगा मारहाणीने आणि आबाळीने मरण पावला. देश हादरला. घराबाहेर वाढणाऱ्या मुलांच्या देखभालीची चौकशी करणाऱ्या कर्टिस समितीचा अहवाल १९४६ मध्ये आला, आणि १९४८ च्या चिल्ड्रन अ‍ॅक्टने कौन्सिलांना मुलांसाठी स्वतंत्र विभाग उभारणे भाग पाडले.

आज लागू असलेला मुख्य कायदा म्हणजे १९८९ चा चिल्ड्रन अ‍ॅक्ट आहे, आणि त्यातील दोन कलमे तुम्हाला पहिल्या दिवसापासून पाठ असली पाहिजेत, कारण दारावरची बेल वाजल्यावर पुस्तक उघडायला वेळ नसतो. कलम २० खाली मूल पालकांच्या संमतीने कौन्सिलकडे राहते. न्यायालय मध्ये नसते, पालकत्वाचे अधिकार आई-वडिलांकडेच राहतात, आणि त्यांनी मनात आणले तर ते मुलाला केव्हाही परत नेऊ शकतात. कलम ३१ खाली न्यायालय 'केअर ऑर्डर' देते. मुलाला गंभीर इजा होत आहे किंवा होण्याचा संभव आहे, आणि ती इजा त्याला मिळणाऱ्या अपुऱ्या सांभाळामुळे किंवा मूल पालकांच्या आवाक्याबाहेर गेल्यामुळे आहे, अशी न्यायालयाची खात्री झाली तरच हा आदेश निघतो, आणि मग कौन्सिललाही पालकत्वाचे अधिकार मिळतात. आई-वडिलांचे अधिकार तेव्हाही संपत नाहीत. ते किती वापरता येतील, हे मात्र कौन्सिल ठरवू शकते. याखेरीज पोलीस आणीबाणीच्या प्रसंगी मुलाला जास्तीत जास्त ७२ तास संरक्षणात घेऊ शकतात, आणि न्यायालय तातडीचा संरक्षण आदेशही देऊ शकते. समजा, रविवारी दुपारी एक आई दाराशी येऊन "माझ्या मुलाला बाहेर पाठवा, मी त्याला घरी नेते" म्हणाली. तिला काय उत्तर द्यायचे, हे तिच्या आवाजाच्या पट्टीवर ठरत नाही. मूल कोणत्या कलमाखाली येथे आहे, त्यावर ठरते. एवढी एक गोष्ट ठाऊक नसल्याने चांगले, प्रेमळ कर्मचारी गोंधळून गेलेले मी पाहिले आहेत.

आता हे लक्षात घ्यावे की, कौन्सिलच्या देखभालीतील मुलांपैकी बालगृहात राहणारी मुले थोडी आहेत. ३१ मार्च २०२४ रोजी इंग्लंडमध्ये ८३,६३० मुले देखभालीत होती, आणि त्यांतील सुमारे दोन तृतीयांश प्रतिपालक कुटुंबांत, म्हणजे फॉस्टर केअरमध्ये होती. मुलाला कोठे ठेवावे, याचा क्रम कायदाच सांगतो: शक्य असेल तर आई-वडिलांकडे, नाहीतर आजी, मावशी, काका अशा नात्यातील माणसांकडे, त्यानंतर प्रतिपालक कुटुंबात आणि मग बालगृहात. त्यामुळे तुमच्या दाराशी येणारे मूल बहुधा १२ ते १६ वर्षांचे असते, आणि त्याआधी ते दोन, चार, कधीकधी आठ घरे पाहून आलेले असते. प्रत्येक घरी त्याला "आता तू येथेच राहायचे" असे सांगितले गेलेले असते. तुम्हीही तेच सांगाल, आणि ते तुमच्यावर विश्वास ठेवणार नाही. त्याचा तो अविश्वास अगदी योग्य असतो, आणि आपल्या सगळ्या कामाची सुरुवात तेथूनच होते.

वास्तू पाहिली तर तुम्हाला प्रथम आश्चर्य वाटेल. आपल्याकडच्या नियमांत २५ मुलांसाठी एक शयनगृह, अशी मापे आहेत. घंटा, रांग, सामूहिक प्रार्थना, पत्र्याच्या पेट्या आणि अधीक्षकांचे दालन यांच्याभोवती दिवस फिरतो. येथील बहुतेक घरे चार किंवा त्याहून कमी मुलांची असतात, आणि ती साध्या गल्लीतल्या साध्या घरासारखी दिसतात. दारावर पाटी नसते. प्रत्येक मुलाला स्वतःची खोली, स्वतःच्या पसंतीचा रंग आणि चादर असते. कर्मचारी गणवेश घालत नाहीत. एक-दोन जण रात्री तेथेच झोपतात, त्याला 'स्लीप-इन' म्हणतात. काही घरांत एक जण रात्रभर जागा असतो. स्वयंपाक आपणच करायचा असतो, आणि तो मुलांसोबत टेबलाशी बसून जेवायचाही असतो. हे सर्व चांगलेच आहे. तरीही माझे मत असे आहे की, घर लहान असले म्हणजे ते घर होतेच असे नाही. चार खोल्यांच्या ज्या वास्तूत दर तीन महिन्यांनी निम्मे कर्मचारी बदलतात, फ्रीजवर कोणाची पाळी आहे याचा छापील तक्ता लावलेला असतो आणि कार्यालयाचे दार दिवसभर आतून बंद असते, तेथे मूल शयनगृहाइतकेच एकटे असते. उलट, आमच्या बालगृहातील एक काळजीवाहक बाई २० वर्षे त्याच जागी होत्या, आणि लग्न होऊन गेलेल्या मुली दिवाळीत त्यांच्यासाठी फराळ घेऊन येत. मुलाला तीच माणसे पुन्हा पुन्हा दिसणे आणि त्याला तेथून न हलवणे, या दोन गोष्टींवरून मी कोणत्याही निवासी घराची परीक्षा करते. बाकी सारे नियम या दोहोंना मदत करतात की अडथळा आणतात, एवढेच मी पाहते.

पहिल्या रात्रीविषयी थोडे सविस्तर लिहिते. मूल बहुधा संध्याकाळी येते, कारण दिवसभर कौन्सिलची समाजकार्यकर्ती फोनवर जागा शोधत असते. शुक्रवारी दुपारी चारनंतर येणारे फोन प्रत्येक व्यवस्थापकाच्या ओळखीचे असतात. अशा वेळी कागदांची जाडी पाहून मुलाविषयी मत बनवू नये, आणि पहिल्या तासात नियम वाचून दाखवू नयेत. त्याला खोली दाखवावी, दाराला आतून कडी कशी लावायची ते दाखवावे आणि रात्री कोण कोठे झोपते ते सांगावे, कारण ज्याच्यावर रात्री अत्याचार झाले आहेत, त्याला हीच माहिती सर्वांत आधी हवी असते. मग स्वयंपाकघरात न्यावे. कित्येक मुले पहिले काही आठवडे अन्न लपवून ठेवतात. उशीखाली बिस्किटे, गादीखाली ब्रेडचे तुकडे, एकदा तर कपाटातील बुटात उकडलेली अंडी मला मिळाली होती. नवखा कर्मचारी याला चोरी किंवा घाण म्हणतो. घरी दोन-दोन दिवस उपाशी राहिलेल्या मुलाने उद्याची सोय करून ठेवली आहे, इतकाच त्याचा अर्थ असतो. आम्ही अशा मुलाला त्याच्या नावाचा झाकणाचा डबा देतो, त्यात सुकणार नाही असा खाऊ भरतो आणि तो कधीही रिकामा राहणार नाही, असे सांगतो. मग रोज रात्री तो डबा भरलेला आहे की नाही, हे पाहणे हे स्लीप-इनवरच्या माणसाचे काम असते. एका मुलीला त्या डब्याची गरज ११ महिने होती. एके दिवशी तिने तो स्वतःच धुऊन ओट्यावर पालथा घातला, आणि आम्हीही त्याविषयी एक शब्द न बोलता तो फडताळात ठेवून दिला.

शिक्षा आणि बळाचा वापर यांविषयी २०१५ चे बालगृह विनियम अत्यंत स्पष्ट आहेत. मारणे, अन्न-पाणी तोडणे, झोपू न देणे, औषध रोखणे, आई-वडिलांशी संपर्क तोडण्याची शिक्षा देणे, लाज वाटेल असे कपडे घालायला लावणे, यांतील कशालाही मुभा नाही. मुलाला धरून ठेवणे फक्त कोणाला इजा होऊ नये किंवा मालमत्तेचे गंभीर नुकसान टळावे यासाठीच, आणि तेही गरजेपुरतेच, चालते. तसे करावे लागले तर २४ तासांत लेखी नोंद, ४८ तासांत संबंधित कर्मचाऱ्याशी व्यवस्थापकाचे बोलणे आणि ५ दिवसांत मुलाशी बोलणे, असा क्रम आहे. आपल्याकडून आलेल्या काही सहकाऱ्यांना हा कागदांचा पसारा वाटतो. त्यांना मी स्टाफर्डशरची हकिकत सांगते. तेथील काही बालगृहांत १९८३ ते १९८९ या काळात 'पिनडाउन' नावाची पद्धत चालू होती. मुलांचे कपडे काढून घेऊन त्यांना रात्रीच्या पोशाखात जवळजवळ रिकाम्या खोलीत दिवसेंदिवस एकटे ठेवत असत, आणि ते ठेवणारे लोक ही शिस्त लावण्याची पद्धत आहे असे मानून रोज नोंदवहीत व्यवस्थित नोंदी करत असत. १९९१ मध्ये चौकशी अहवाल आला, तेव्हा त्या नोंदवह्याच पुरावा ठरल्या. इतके सगळे लिहिलेले होते, आणि तरीही बाहेरच्या कोणी ते वाचून वेळेवर थांबवले नव्हते. म्हणूनच आता घराशी संबंध नसलेली स्वतंत्र व्यक्ती दर महिन्याला येते, मुलांशी एकांतात बोलते आणि अहवाल लिहिते. विनियमातील क्रमांकावरून तिला सगळे 'रेग ४४' म्हणतात. ऑफस्टेड ही तपासणी संस्था पूर्वसूचना न देता येते. तिची माणसे आली की काही घरांत धावपळ सुरू होते; ज्या घरात अशी धावपळ होत नाही, त्या घरात नोकरी धरावी.

आता या व्यवस्थेतील सर्वांत दुखऱ्या भागाकडे येते. पूर्वी बालगृहे मुख्यतः कौन्सिल आणि धर्मादाय संस्था चालवत. आज इंग्लंडमधील दहापैकी आठांहून अधिक घरे खासगी कंपन्यांच्या मालकीची आहेत, आणि कौन्सिल प्रत्येक जागेसाठी त्यांना आठवड्याला हजारो पौंड देते. स्पर्धा व बाजार प्राधिकरणाने मार्च २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात मोठ्या पुरवठादारांचा बालगृहांवरील नफा सरासरी सुमारे २३ टक्के असल्याचे म्हटले होते. खासगी घर वाईटच असते, असे मी म्हणत नाही. मी अतिशय निष्ठेने चालवलेली खासगी घरे पाहिली आहेत. परंतु बाजार घर कोठे उघडतो, तर जेथे वास्तू स्वस्त मिळते तेथे. म्हणून वायव्य इंग्लंडमध्ये घरांची दाटी आहे आणि लंडनमध्ये तुटवडा. मग लंडनच्या मुलाला लँकेशरला पाठवले जाते. कायदा म्हणतो की, मुलाला शक्यतो आपल्याच कौन्सिलच्या हद्दीत, घराजवळ, भावंडांसोबत आणि शाळा न तुटेल असे ठेवावे. प्रत्यक्षात मुलाच्या हाती रेल्वेचे तिकीट असते आणि त्याचा मित्र, आजी, फुटबॉलचा संघ, ओळखीचा दुकानदार, सगळे मागे राहतात.

मी साधी कर्मचारी असताना अशाच एका खासगी घरात १३ वर्षांचा एक मुलगा होता. १४ महिन्यांत तो हळूहळू रुळला, शाळेत जाऊ लागला, रविवारी माझ्यासोबत पोळ्या लाटू लागला. त्याच्या पोळ्यांचे आकार पाहून तो स्वतःच हसे. मग एका आठवड्यात आईचा ठरलेला फोन दोनदा आला नाही, आणि त्याने स्वयंपाकघराच्या दाराची काच फोडली, दुसऱ्या दिवशी एका मुलाला ढकलले. कंपनीने कौन्सिलला मुलाला हलवण्यासाठी २८ दिवसांची नोटीस दिली, आणि नवव्या दिवशी त्याला न्यायला गाडी आली. त्याचे सामान कचऱ्याच्या दोन काळ्या पिशव्यांत भरले होते, कारण घरात बॅग नव्हती. दाराशी उभे राहून त्याने मला विचारले, "तो निळा कप मी नेला तर चालेल का? मी रोज त्यातच चहा पितो." मी कप धुऊन, फडक्यात गुंडाळून त्याला दिला. त्या घराने त्याला हलवायला नको होते. काच ८० पौंडांत बसली असती. ज्या १४ महिन्यांत तो माणसांवर विसंबायला शिकला होता, ते कोणालाही परत बसवता येणार नव्हते. पुढे मी व्यवस्थापक झाले तेव्हा दोन नियम केले आणि ते आजवर मोडले नाहीत. जिन्याखालच्या कपाटात चाके असलेल्या दोन चांगल्या बॅगा नेहमी ठेवलेल्या असतात, आणि कोणत्याही घटनेनंतर पहिले १० दिवस नोटीस हा शब्द उच्चारायचा नाही. त्या दहा दिवसांत समाजकार्यकर्ती, शाळा, मूल आणि शक्य असल्यास आई यांना एका टेबलाभोवती बसवायचे. बहुतेक वेळा नोटिशीची गरज उरत नाही. मुलाखतीला जाल तेव्हा तुम्हीही विचारा की, गेल्या वर्षभरात या घरातून किती मुले ठरल्याआधी गेली आणि का. उत्तर देताना व्यवस्थापकाचा चेहरा पाहा.

मुलाची जागा योग्य आहे की नाही, हे तपासण्याची कायदेशीर रचना चांगली आहे, ती नीट वापरता आली पाहिजे. देखभालीत आल्यापासून २० कामाच्या दिवसांत पहिली आढावा बैठक, त्यानंतर ३ महिन्यांत दुसरी आणि पुढे दर ६ महिन्यांनी, अशा बैठका स्वतंत्र आढावा अधिकारी घेतो. समाजकार्यकर्तीने पहिल्या आठवड्यात आणि पहिल्या वर्षी निदान दर ६ आठवड्यांनी मुलाला भेटावे लागते. मूल न सांगता निघून गेले आणि परत आले, तर ७२ तासांत बाहेरच्या व्यक्तीने त्याच्याशी बोलावे, असा दंडक आहे. या बैठकांत सर्वांत जास्त वेळ मुलासोबत घालवणारा माणूस तुम्हीच असता, आणि तरी पदाने सर्वांत लहान म्हणून तुम्हाला शेवटी विचारले जाते. संकोच करू नका. "त्याला रात्री दोनला जाग येते आणि तो स्वयंपाकघरात येऊन बसतो" हे वाक्य मानसोपचारतज्ज्ञाच्या अहवालाइतकेच महत्त्वाचे असते, आणि ते फक्त तुम्हीच सांगू शकता.

रोजच्या नोंदीविषयी. बालगृहातील मुलाची कागदपत्रे त्याच्या जन्मापासून ७५ वर्षे जपून ठेवावी लागतात, आणि मोठेपणी त्याला ती मागण्याचा हक्क आहे. पस्तिशीतला एक गृहस्थ आपली फाइल वाचत असताना मी त्याच्याशेजारी बसले होते. इतर व्यक्तींची माहिती झाकण्यासाठी पानेच्या पाने काळ्या पट्ट्यांनी भरलेली होती, आणि उरलेल्या जागेत 'वर्तन अयोग्य', 'मागणी नाकारल्यावर आक्रमक' असे शेरे होते. तो म्हणाला, "त्या दिवशी माझा वाढदिवस होता. हे कोणीच लिहिलेले नाही." तेव्हापासून आमच्या घरात नोंद मुलालाच उद्देशून लिहितात, आणि ही पद्धत आता इतरही पुष्कळ घरांत आली आहे: "आज तुझ्या आईचा फोन आला नाही. तू सव्वासातपर्यंत जिन्यावर बसून होतास. जेवायला हाक मारली तेव्हा तू ताट फेकलेस. मला वाटते, तुला फार वाईट वाटले होते. नंतर आपण दोघांनी मिळून फरशी पुसली." असे लिहिताना माणूस आपोआप अधिक खरे आणि अधिक नेमके लिहितो. शब्दांचेही तसेच. देखभालीतील मुलांसाठी कार्यालयांत जे लघुरूप वापरतात, ते 'लॅक' असे उच्चारले जाते, आणि इंग्रजीत त्याच उच्चाराच्या शब्दाचा अर्थ कमतरता असा आहे. मुलांना ते झोंबते. घराला 'युनिट' किंवा 'प्लेसमेंट' म्हणू नये, घर म्हणावे. आईच्या भेटीला 'कॉन्टॅक्ट' म्हणू नये, आईला भेटणे म्हणावे.

आपल्याकडच्या अनुभवाला किंमत आहे का, याचे उत्तर निःसंदिग्धपणे होय असे आहे. मुलाविषयी निर्णय घेताना त्याचा धर्म, वंश, संस्कृती आणि भाषा यांचा विचार करणे कौन्सिलवर कायद्यानेच बंधनकारक आहे. लेस्टरमध्ये दक्षिण आशियाई कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. तेथील एखादी मुलगी केसांना तेल लावायला मागते, श्रावणात मांस नको म्हणते किंवा घरची गोष्ट बाहेर सांगितल्याने आपण कुळाला काळिमा लावला असे समजून गप्प बसते, तेव्हा ते ओळखणारी व्यक्ती घरात असावी लागते. मात्र आपल्याकडून आणलेल्या दोन सवयी सोडाव्या लागतील. एक म्हणजे, मोठ्यांचे ऐकलेच पाहिजे, ही गृहीत धरलेली गोष्ट. येथे मूल तुम्हाला नावाने हाक मारील, तुमच्याशी वाद घालील आणि तक्रार करील. तक्रार कशी करायची हे त्याला शिकवणे, हे तुमचेच काम आहे. दुसरी सवय म्हणजे, सर्वांना सारखे ते न्याय्य, ही समजूत. ५० मुलांत तसे केल्याशिवाय आमचा निभाव लागत नसे, पण चार मुलांत प्रत्येकाला वेगळे लागते. उलट, सण साजरे करणे, हाताने खाऊ घालणे, आजारी मुलाच्या उशाशी बसणे, म्हणजे जे आपल्याकडे कोणी शिकवत नाही आणि सगळे करतात, ते मात्र येथे जपून ठेवावे.

मुले किती काळ राहतात, याचे उत्तर लिहिताना मला दुःख होते. प्रतिपालक कुटुंबातील तरुणाला २०१४ च्या कायद्याने दोन्ही बाजूंची इच्छा असेल तर २१ वर्षांपर्यंत तेथेच राहण्याची सोय मिळाली. बालगृहातील मुलांना तशी सोय मिळाली नाही; त्यांना १८ व्या वर्षी घर सोडावे लागते. कौन्सिलने नेमलेल्या वैयक्तिक सल्लागाराकडे २५ वर्षांपर्यंत मदत मागता येते, ही चांगली गोष्ट आहे, पण सल्लागार म्हणजे घर नव्हे. त्यातही अनेकांना १६ किंवा १७ व्या वर्षीच 'सपोर्टेड अकोमोडेशन'मध्ये हलवले जाते, जेथे आधार मिळतो, सांभाळ मिळत नाही. १६ वर्षांखालील मुलांना नोंदणी नसलेल्या जागेत ठेवण्यास सप्टेंबर २०२१ पासून बंदी आली आणि मोठ्या मुलांच्या जागांची नोंदणी ऑक्टोबर २०२३ पासून सक्तीची झाली, हे खरे असले तरी दहावी-अकरावीच्या वयाच्या मुलाने स्वतःचे बिल भरावे आणि आजारपणात स्वतःच औषध आणावे, अशी अपेक्षा आपण आपल्या पोटच्या मुलाकडून करत नाही. महाराष्ट्रात अनुरक्षणगृहांत, म्हणजे बालगृहातून बाहेर पडलेल्या तरुणांच्या निवासांत, २१ वर्षांपर्यंत राहण्याची तरतूद आहे. जागा अपुऱ्या आहेत, पण तत्त्व योग्य आहे. येथे काही घरांतून आता गेलेल्या मुलांना रविवारच्या जेवणाला बोलावणे, आजारी पडल्यावर एक रात्र परत राहू देणे, अशा गोष्टी सुरू झाल्या आहेत. आमच्या टेबलाला सहा खुर्च्या पुरल्या असत्या. आम्ही नऊ ठेवल्या आहेत.

आता अर्जाचे. पदवी उत्तम, पण ती पुरेशी मानली जात नाही; कामावर लागल्यापासून दोन वर्षांत निवासी बालसंगोपनातील तिसऱ्या पातळीची पदविका पूर्ण करावी लागते, आणि ती बहुधा मालकाच्या खर्चाने होते. पार्श्वभूमीची तपासणी फार बारकाईने होते, आणि ती का होते हे लेस्टरमध्ये राहणाऱ्याला ठाऊक असावे. फ्रँक बेक हा १९७३ ते १९८६ या काळात लेस्टरशरच्या काही बालगृहांचा प्रमुख होता. उपचाराच्या नावाखाली त्याने मुलांवर केलेल्या अत्याचारांबद्दल १९९१ मध्ये त्याला जन्मठेपेच्या पाच शिक्षा झाल्या, आणि त्यानंतर वॉर्नर समितीने १९९२ मध्ये अशा घरांतील नेमणुका कशा व्हाव्यात, याविषयी शिफारशी केल्या. त्यामुळे शाळा सोडल्यापासूनच्या प्रत्येक नोकरीचा हिशेब मागतात, मधल्या रिकाम्या महिन्यांचे कारण लेखी मागतात आणि मुलांसोबतची पूर्वीची नोकरी का सोडली, याची त्या संस्थेकडून खातरजमा करतात. भारतातील पोलीस पडताळणीचा दाखलाही लागेल. तुमच्या जुन्या बालगृहातील अधीक्षकांची बदली होण्यापूर्वी त्यांच्याकडून संस्थेच्या लेटरहेडवर, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, पद, कामाचे स्वरूप आणि सोडण्याचे कारण लिहिलेले, सही-शिक्क्याचे पत्र मागवून घ्या आणि त्यावर संस्थेचा चालू फोन क्रमांक व ई-मेल असल्याची खात्री करा. माझे पत्र आणायला माझ्या भावाला तीन हेलपाटे घालावे लागले होते, आणि तोपर्यंत मला मिळालेली पहिली जागा दुसऱ्या कोणाला देऊन झाली होती.